आधी हात आडवा धर

अगं, वांद्र्याच्या किल्ल्यावरून काढलेले तुझे फोटो निवांत पाहिले. सी लिंक छान तिरकी घेतलीयस, वरळीच्या टॉवरांची रांगही मस्त बसलीय. खटकतंय ते एवढंच, की सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक आलीय. काळं कुठे काळं दिसतच नाही. आणि त्यावर तू लगेच नवी लेन्स घ्यायला निघालीस! थांब जरा, आधी माझं ऐक.

सूर्य फ्रेममध्ये नव्हता, तरी फ्लेअर, म्हणजे ही पांढुरकी झाक, कसा आला, हाच ना तुझा प्रश्न? किल्ल्यावरून वरळी दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो, म्हणजे तुझ्या उजव्या हाताला, फ्रेमच्या जरासाच बाहेर. तिथून ऊन तिरकं लेन्सच्या काचेवर पडतं, आत इकडेतिकडे परावर्तित होतं आणि फोटो धुऊन काढतं. तीच जागा, तीच लेन्स घेऊन मे महिन्यात जा. तेव्हा सूर्य वायव्येकडे गेलेला असतो, तुझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे. फ्लेअरचं नावही निघणार नाही.

पण डिसेंबरातली ती संध्याकाळ सोडायची नाहीच. हवा कशीही असो, रंग तेव्हाच खुलतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एक सवय लाव. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव, पुढे जा आणि लेन्सच्या तोंडात डोकावून बघ. काचेवर ऊन चमकतंय? मग आजी कपाळावर हात धरून अंगणाबाहेर बघायची ना, तसा तळहात लेन्सच्या उजवीकडे आडवा धर. हाताची सावली काचेवर पूर्ण पडली पाहिजे. स्क्रीनकडे बघत हात हळूहळू आत आण. एका क्षणी झाक उतरते आणि टॉवरांच्या कडा उठून दिसायला लागतात. बोटं फ्रेममध्ये दिसली तर केसभर मागे घे. हूड लावच, पण सुलटा लाव. बॅगेत ठेवताना उलटा फिरवलेला तसाच राहिला तर काही उपयोग नाही. शिवाय वाइड लेन्सचा हूड उथळ असतो, त्याच्या जोडीला हात लागतोच.

आता लेन्सवरचा तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून टाक. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो. हे टाळायला झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलांनी १९३५ साली काचेवरच्या कोटिंगचं पेटंट घेतलं, आणि आपण त्याच लेन्सपुढे कोरी काच लावून बसायचं? किल्ल्यावर खारा वारा असतो, लेन्सवर बारीक चिकट थर बसतो. आधी ब्लोअर मार, मग मायक्रोफायबरने पूस. ओढणीने नको गं! मोबाइललाही हेच: बोटांचे ठसे पूस, कॅमेऱ्यावरची संरक्षक काच काढ.

सूर्यच फ्रेममध्ये हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला जा, जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत. तिथून सूर्य मलबार हिलच्या टोकाजवळ डावीकडे उतरतो. इथे हात आणि हूड दोन्ही निकामी. हिरवे-जांभळे ठिपके सूर्यापासून फ्रेमच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर, पलीकडच्या बाजूला येतात. एवढं कळलं की ते इमारतींवरून हटवून मोकळ्या पाण्यावर आणता येतात, नुसता कॅमेरा थोडा फिरवून. एफ/१६ला सूर्याचे किरण सुरेख फुटतात (लेन्सच्या छिद्राच्या पात्या ७ असतील तर किरण १४, ८ असतील तर ८च), पण ठिपकेही ठसठशीत होतात. फारच आड आले तर ट्रायपॉडवरून दोन फोटो घे, एक तसाच आणि एक सूर्यावर बोट धरून, आणि घरी जोड. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून मात्र सूर्याकडे बघू नकोस. डोळ्यांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

सूर्य बुडाला तरी फिल्टर पुन्हा चढवू नकोस. मरीन ड्राइव्हच्या क्वीन्स नेकलेसचे दिवे लागले की त्यांची उलटी प्रतिबिंबं फिल्टरमुळेच आभाळात उमटतात.

या रविवारी किल्ल्यावर जा आणि एकाच जागेवरून हात धरून एक, न धरता एक, असे फोटो काढ. दोन्ही मला पाठव, मूळ आकारातच.