कॅशियसाचें गाऱ्हाणें

इ. स. पूर्वी ४४ या वर्षीं १५ मार्च रोजीं रोम शहरांत पाँपेनें बांधविलेल्या सभागृहांत जूलियस सीझर यास भोंसकून मारण्यांत आलें. कटांत ६० हून अधिक मनुष्यें होतीं व प्रेतावर २३ जखमा होत्या, असें प्राचीन इतिहासकार सुएटोनियस लिहितो. याच कथेवर शेक्सपियरनें सुमारें १५९९ सालीं नाटक रचिलें. तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों, तें एकाच प्रश्नासाठीं: मारणाऱ्यांच्या अंतःकरणांत काय होतें?

तोंडानें सर्वच स्वातंत्र्याचें नांव घेतात. पण कॅशियस ब्रूटसाला एकीकडे नेऊन काय सांगतो तें पाहावें. सीझरनें कोणा गरिबाला लुबाडलें, याविषयीं तो चकार शब्द काढीत नाहीं. टायबर नदींत पोहतांना सीझर दमला, तेव्हां आपण त्याला खांद्यावर घेऊन वांचविलें. स्पेनांत तो तापानें थरथरत होता. आणि आतां तो देव झाला व आपण त्याच्यापुढें वांकावें! काल आपल्याबरोबर बांधावर बसून भाकरी खाणारा आज पाटील झाला, हें ज्याला साहवत नाहीं, तो या कॅशियसाचाच भाऊबंद होय.

मत्सराला सज्जनाचें पांघरूण लागतें. म्हणून निरनिराळ्या हस्ताक्षरांतील खोट्या चिठ्ठ्या ब्रूटसाच्या घरांत टाकविल्या जातात, जणूं नगरवासीच त्याला हांक मारीत आहेत. ब्रूटस मत्सरी नव्हे. सीझरनें आजवर जुलूम केला, असेंही तो म्हणत नाहीं. मुकुट मिळाल्यावर करील, एवढ्या तर्कावर तो हात उगारतो. आमच्या मतें नाटकांतील भयंकर स्थळ खुनाचें नव्हे. चांगला मनुष्य रात्रीं एकटाच आपली समजूत घालीत बसतो, तें होय.

पुढें स्वार्थ उघडा पडतो. कॅशियस लांच घेऊन अधिकाराच्या जागा विकतो, म्हणून ब्रूटस त्याच्याशीं तंबूंत कडाक्यानें भांडतो. आणि आपल्या शिपायांच्या पगारासाठीं पैसा मागितला असतां त्यानें दिला नाहीं, हेंही गाऱ्हाणें त्याच तोंडानें करितो! दुसऱ्या पक्षाकडे पाहावें तरी तेंच. अँटनी सीझरचें मृत्युपत्र वाचून, प्रत्येक नगरवासीयास ७५ द्राख्मा मिळतील असें सांगून लोकांना पेटवितो. पुढच्याच अंकांत तो त्यांतील देणग्या कशा घटवाव्या हें पाहतो, आणि ठार करावयाच्या लोकांच्या यादींत स्वतःच्या भाच्याच्या नांवापुढें खूण करितो. दरम्यान सिन्ना नांवाचा एक कवि, कटवाल्याशीं नांव जुळलें एवढ्याच अपराधासाठीं जमावाच्या हातीं मरतो.

शेवट फिलिप्पै येथें, इ. स. पूर्वी ४२ मध्यें. पौलाच्या पत्रामुळें या शहराचें नांव आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. सीझरला भोंसकलेल्या तरवारीनेंच कॅशियस मरण पत्करितो. ब्रूटसाच्या प्रेताजवळ उभा राहून अँटनी म्हणतो कीं, यानें लोकहितासाठीं केलें, बाकी सर्वांनीं मत्सरानें. आम्हांस ही साक्ष खरी वाटते. मात्र ती देणारा तोच, ज्यानें भाच्याच्या नांवापुढें खूण केली होती.