एकाच कुळांतील जंतु आणि त्यांचे निरनिराळे रोग

पावसाळा लागला म्हणजे आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत पोटाचे विकार व ताप यांची तक्रार घरोघर ऐकूं येते. एका घरीं पंगतीस जेवून आलेल्या माणसास त्याच रात्रीं उलट्या व जुलाब सुरू होतात, आणि चार-पांच दिवसांत तो उठून कामास लागतो. शेजारच्या घरीं एखाद्या मुलास बारीक ताप येऊं लागतो. तो दररोज थोडाथोडा चढत जातो, डोकें दुखतें, अन्नावरची वासना जाते, आणि उपचार न झाल्यास तीन-चार आठवडे तो उतरत नाहीं. पहिल्या दुखण्याला आपण हगवण म्हणतों, दुसऱ्याला मुदतीचा ताप किंवा विषमज्वर. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. परंतु कित्येकदां हीं दोन्ही दुखणीं एकाच कुळांतील जंतूंपासून होतात. त्या कुळाचें नांव साल्मोनेला. एकाच कुळांतील जंतु इतके भिन्न कां वागतात, आणि तें जाणून आपल्या गांवास काय लाभ, हें या पाठांत पाहूं.

१. कुळाची ओळख

मुदतीच्या तापाचा जंतु १८८० सालीं कार्ल एबर्ट या जर्मन वैद्यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहिला, व १८८४ सालीं गाफकी यांनीं तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ यांस डुकरांत त्याच कुळांतील एक जंतु सांपडला. स्मिथ हे डॅनियल साल्मन या पशुवैद्याच्या हाताखालीं काम करीत असत. साल्मन यांच्याच नांवावरून या कुळास साल्मोनेला हें नांव पडलें. आज या कुळांतील अडीच हजारांहून अधिक प्रकार ठाऊक आहेत. त्यांपैकीं चार आपण लक्षांत ठेवूं. टायफी हा मुदतीचा ताप आणतो. पॅराटायफी ए हा तसाच ताप आणतो. टायफीम्युरियम हा गुरें, कोंबड्या, उंदीर व माणूस अशा अनेकांच्या पोटांत राहतो आणि माणसास बहुधा हगवण लावतो. चौथा गॅलिनॅरम, हा कोंबड्यांना मारतो, पण माणसाच्या वाटेस सहसा जात नाहीं.

२. दोन नकला

प्रत्येक जंतूच्या शरीरांत त्याच्या सर्व व्यवहाराचा एक लेख असतो. त्यास जीनोम म्हणतात, व त्यांतील एकेका आज्ञेस जनुक म्हणतात. हा लेख अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असून साल्मोनेलाच्या जीनोमांत अशीं सुमारें ४८ लाख अक्षरें असतात. ऑक्टोबर २००१ मध्यें टायफी व टायफीम्युरियम या दोघांचे संपूर्ण लेख शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केले. ते ताडून पाहतां असें आढळलें कीं, दोहोंतील सुमारें नऊ-दशांश जनुकें सारखींच आहेत. एकाच पोथीच्या दोन जुन्या नकला असाव्यात, एकींत कांहीं पानें नवीं घातलेलीं असावींत, आणि कांहीं ओळींवर शाई सांडून त्या वाचतां येऊं नयेत, तसा हा प्रकार आहे. सारा फरक या नव्या पानांत व बिघडलेल्या ओळींत आहे.

३. नवीं पानें

टायफीच्या लेखांत जी भर पडली, तींत एका पातळ आवरणाच्या आज्ञा आहेत. या आवरणास व्हीआय म्हणतात. टायफीम्युरियम आंतड्यांत शिरतांच शरीर त्यास ओळखतें. आंतड्यांस सूज येते, जुलाब होतात, आणि शरीराचे पहारेकरी त्यास बहुधा तेथेंच अडवितात. टायफी मात्र अंगावर घोंगडें घेऊन रात्रीं वेशींतून शिरणाऱ्या चोरासारखा गुपचूप आंत जातो. तो आंतड्यांची भिंत ओलांडून रक्तांत उतरतो, यकृत, प्लीहा व हाडांतील मगज यांत ठाण मांडतो, आणि बहुधा एक-दोन आठवड्यांनीं ताप प्रगट होतो. म्हणून या रोगांत ‘काल काय खाल्लें’ असें विचारून कारण हातीं लागत नाहीं. उपचार न झाल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आंतड्यांतून रक्तस्राव होण्याचें किंवा आंतड्यास छिद्र पडण्याचें भय असतें. तरी आवरण हेंच सर्व कांहीं नव्हे. पॅराटायफी ए याला तें नसूनहि तो तसाच ताप आणतो.

४. बिघडलेल्या ओळी

टायफीच्या लेखांत दोनशेंहून अधिक जनुकें निकामी झालेलीं आहेत; टायफीम्युरियममध्यें त्या मानानें फार थोडीं. ज्याला अनेक प्राण्यांच्या पोटांत राहावयाचें, त्याला अनेक युक्त्या लागतात. जो एकाच घरीं कायमचा राहिला, त्याच्या बाकीच्या युक्त्या गंजून जातात. टायफी माणसाच्या शरीरांत असाच स्थायिक झाला. गॅलिनॅरमहि कोंबड्यांच्या शरीरांत असाच स्थायिक झाला, व त्याचींहि पुष्कळ जनुकें निकामी झालीं.

वाचकहो, या पाठांतील मुख्य गोष्ट हीच. मुदतीच्या तापाचा जंतु शेळींत नाहीं, गाईंत नाहीं, कोंबडींत नाहीं. जेथें जेथें हा रोग होतो, तेथें तेथें तो एखाद्या माणसाच्या विष्ठेंतून दुसऱ्या माणसाच्या तोंडांत गेलेला असतो. हगवणीच्या जंतूस गोठे व खुराडीं हीं आश्रयस्थानें आहेत, म्हणून त्याचा नायनाट करणें कठीण. टायफीस मात्र माणसावांचून घर नाहीं. माणसाची घाण माणसाच्या पाण्यापासून दूर ठेविली, तर त्याचा वंश खुंटतो.

५. आपलें पाणी

पाण्याचे हाल आपणांस नवे नाहींत. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली, हें पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें. अशा वेळीं पाणी टँकरांतून टांकींत, टांकींतून घागरींत, घागरींतून पेल्यांत, असें अनेक हातांतून जातें. आणि एक अस्वच्छ हात पुरेसा होतो. हिंदुस्थानांत २०१७ ते २०२० या काळांत मुलांची पाहणी झाली. दर लाख मुलांमागें वर्षांत मुदतीच्या तापाचे रोगी शहरी वस्त्यांत ५७६ ते ११७३ आढळले, तर पुण्याकडील ग्रामीण ठिकाणीं ३५. देश तोच, पण प्रमाणांत एवढी तफावत. यावरून हा रोग कपाळीं लिहिलेला नाहीं, हें उघड आहे.

आणखी एक सूचना. ताप बरा झालेल्या शंभरांतील दोन ते पांच माणसांच्या पित्ताशयांत जंतु पुढेंहि टिकतो, व तीं स्वतः धडधाकट असतांना इतरांस रोग देतात. अशा माणसास दोष देऊं नये. त्याला उपचारास न्यावें, आणि शौचानंतर साबणानें हात धुण्याचा नियम सर्वांनींच पाळावा.

६. औषध आणि लस

२०१६ च्या अखेरीस सिंधमधील हैदराबादेकडे असा टायफी पसरला कीं, नेहमींचीं बहुतेक औषधें त्यावर चालेनात. त्याचा जीनोम वाचल्यावर कळलें कीं, आंतड्यांतील दुसऱ्या एका जातीच्या जंतूकडून त्यानें औषधांस न जुमानण्याचीं जनुकें घेतलीं होतीं. अर्धवट घेतलेलें किंवा मनानें आणलेलें औषध अशाच जंतूंस वाव देतें. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनीं सांगितलेले सर्व दिवस औषध घ्यावें. केवळ विडाल परीक्षेच्या चिठ्ठीवर विसंबूं नये, कारण ती कधीं कधीं चुकते. औषध सुरू करण्यापूर्वीं रक्तांतील जंतु वाढवून पाहण्याची परीक्षा होऊं शकेल काय, हें विचारावें.

लसीची वार्ता आशेची आहे. त्याच व्हीआय आवरणापासून आपल्या दक्षिणेकडील हैदराबादेंत एक नवी लस तयार झाली. २०१८ सालीं नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें ती एक लाखाहून अधिक मुलांस टोंचली. सरकारी व्यवस्थेनें ही लस देण्याचा जगांतील हा पहिलाच प्रयत्न होता. मात्र पॅराटायफी ए यास आवरण नसल्यामुळें त्याच्यापासून ही लस रक्षण करीत नाहीं. म्हणून लस टोंचली तरी पाणी उकळण्याचें सोडूं नये, आणि रांजणांत हात न बुडवितां ओगराळ्यानेंच पाणी काढावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. टायफी व टायफीम्युरियम यांच्या लेखांत कोणते दोन फरक आहेत?
२. मुदतीच्या तापाचें कारण गुराढोरांत कां शोधूं नये?
३. लस घेतल्यावरहि पाण्याची काळजी कां घ्यावी?
४. आपल्या गांवच्या विहिरीपासून घाण किती अंतरावर आहे? हें उत्तर घरीं बसून देऊं नये, जाऊन पाहावें.