घटक ६ : पायवाटेचा शब्दसंग्रह – फ्रान्समधील सोलोन्य प्रदेश

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस भूप्रदेशवाचक शब्द आणि त्या प्रदेशाचा इतिहास यांतील संबंध उलगडून दाखवता येईल. 'अधःस्तर भाषा' ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. आणि परदेशातील निसर्गाचे वर्णन मराठीत करताना प्रतिशब्द कोणत्या कसोटीवर निवडावा, हे ठरवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णनातील निवेदकाचा विचार केला. या घटकात निवेदकाला क्षणभर बाजूला ठेवू आणि तो ज्या शब्दांनी समोरचा प्रदेश टिपतो, त्या शब्दांकडे पाहू. मराठी प्रवासवर्णनांत जंगल नेहमी 'घनदाट' असते, तळे 'नितळ' असते आणि पाणथळ जागा आली की ती 'दलदल' होते. विशेषणांचा हा सराईतपणा आपण एक वेळ क्षम्य मानू. नामांचा मानता येत नाही. नाम चुकले की प्रदेशच चुकतो.

उदाहरणादाखल फ्रान्सच्या मध्यभागातील सोलोन्य हा प्रदेश घेतला आहे. ऑर्लेआँ शहराच्या दक्षिणेस, ल्वार आणि शेर या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा सुमारे पाच लाख हेक्टरांचा सपाट भूभाग. वाळू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणामुळे येथील जमिनीत पाणी मुरत नाही; पावसाळी दिवसांत ते जागोजागी साचते. ओक, बर्च व पाइन यांची वने, हेदरची माळराने आणि हजारो तळी असे त्याचे आजचे रूप आहे.

६.२ चालण्याचे नाव

फ्रान्समध्ये दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमणासाठी आखलेल्या मार्गांचे मोठे जाळे आहे. झाडावर, दगडावर किंवा खांबावर रंगवलेले दोन आडवे पट्टे, वर पांढरा आणि खाली लाल, ही त्याची खूण. जेथे वळू नये तेथे याच रंगांची फुली असते. या जाळ्यातील पहिला टप्पा १९४७ साली ऑर्लेआँ ते बोजाँसी असा, म्हणजे सोलोन्यच्या उत्तर सीमेलगत ल्वारच्या काठाने, खुला झाला.

अशा पदभ्रमणाला फ्रेंचमध्ये 'राँदोने' म्हणतात. आज हा शब्द उच्चारताच पाठपिशवी, नकाशा आणि फुरसत डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ मात्र फुरसतीचा नाही. जुन्या फ्रेंचमधील 'राँदों' म्हणजे आवेग, मुसंडी. इंग्रजीतील 'रँडम' याच मुळाचा. पुढे शिकारीच्या परिभाषेत 'राँदोने' म्हणजे हाकाऱ्यामुळे उठलेले जनावर आपल्या मूळ जागेभोवती धावत जो फेरा घेते, तो. आजचा पदयात्री ज्या शब्दाने आपला विरंगुळा सांगतो, तो शब्द एकेकाळी जिवाच्या भीतीने धावणाऱ्या हरणाचा होता. अर्थ बदलताना कर्ताही बदलला, हे येथे ध्यानात घ्यावे.

सोलोन्य आजही शिकारीचा प्रदेश आहे. मोरिस जनव्ह्वा यांच्या 'राबोलियो' (१९२५) या कादंबरीचा नायक याच वनांत चोरून शिकार करणारा गावकरी आहे. त्याच्या गुन्ह्याचे स्वरूप समजण्यासाठी पुढील शब्द पाहावा लागेल.

६.३ 'फोरे' आणि 'ब्वा'

फ्रेंचमध्ये वनासाठी 'फोरे' आणि 'ब्वा' असे दोन नित्याचे शब्द आहेत. पहिला मोठ्या वनाचा आणि दुसरा लहान वनाचा, असा फरक कोश सांगतात. तो खरा आहे, पण अपुरा आहे. 'ब्वा' हा जर्मानिक मुळाचा शब्द झाडांविषयी बोलतो. त्याचा अर्थ लाकूड असाही होतो. 'फोरे'चा उगम उत्तरकालीन लॅटिनमधील 'फोरेस्तिस' या शब्दात आहे. मेरोव्हिंजियन आणि कॅरोलिंजियन राजवटींच्या दस्तऐवजांत तो राजासाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रासाठी येतो. त्याचा संबंध 'बाहेर' या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी की न्यायासनवाचक शब्दाशी, याविषयी मतभेद आहेत. परंतु आरंभी हा शब्द वनस्पतींचा नसून अधिकाराचा होता, यात शंका नाही. 'फोरे'मध्ये झाडे असत, पण माळ आणि पाणीही असे. ते क्षेत्र 'फोरे' ठरे, ते इतरांना तेथे शिकारीची मनाई असल्यामुळे.

हा जुना अर्थ पुसला गेला आहे असे वाटत असेल, तर सोलोन्यच्या कडेला असलेले शाँबोर पाहावे. राजा पहिला फ्राँस्वा याच्या या शिकारी प्रासादाभोवतीच्या वनाला सुमारे ३२ किलोमीटर लांबीची भिंत आहे. त्याहून बोलके उदाहरण आपल्या काळातील आहे. सोलोन्यमधील बहुतेक वने खासगी मालकीची आहेत. गेल्या काही दशकांत अनेक मालकांनी आपल्या क्षेत्राभोवती उंच जाळ्या उभारल्या. हरणे आणि रानडुकरे यांच्या वाटा तुटल्या; पायी फिरणाऱ्याला मैलोन् मैल दोन जाळ्यांमधून चालावे लागू लागले. अखेर २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने नैसर्गिक क्षेत्रांतील कुंपणाची उंची १.२० मीटरपर्यंत मर्यादित केली आणि प्राण्यांना जाता यावे म्हणून जमिनीपासून ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवण्याचे बंधन घातले. मात्र त्याच कायद्याने खासगी वनात परवानगीवाचून शिरणाऱ्यास दंडाचीही तरतूद केली. हरणाला वाट मिळाली आणि चालणाऱ्याची अडली. 'फोरे' म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचे याचा निर्णय, हा शब्दाचा प्राचीन अर्थ असा पुन्हा वर आला.

आपल्या 'जंगल' शब्दाचा प्रवासही तपासून पाहा. संस्कृत 'जांगल' म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडोऱ्याचा, कोरडा प्रदेश. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याच्या विरोधी प्रदेशाला 'अनूप' किंवा 'आनूप', म्हणजे पाणथळ, म्हटले आहे. आज आपण ओलसर, गर्द अरण्यालाच जंगल म्हणतो. एका भाषेत हक्काचा शब्द झाडांचा झाला, दुसरीत कोरडेपणाचा शब्द गर्दपणाचा झाला. म्हणून 'फोरे' दिसताच 'जंगल' लिहून मोकळे होणाऱ्या अनुवादकाने थोडे थांबावे.

६.४ चिखलाखालची भाषा

सोलोन्यमधील पायवाटेवर भेटणाऱ्या गोष्टी नोंदवू: वाट, चिखल, ओक, बर्च, हेदर, माळरान. यांची फ्रेंच नावे अनुक्रमे 'शमाँ', 'बू', 'शेन', 'बूलो', 'ब्रुयेर', 'लाँद'. या साऱ्यांचे मूळ लॅटिनमध्ये नसून गॉलिशमध्ये आहे. गॉलिश ही रोमन विजयापूर्वी या भूमीत बोलली जाणारी केल्टिक भाषा. सीझरच्या स्वाऱ्या इ. स. पू. ५८ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर काही शतकांत गॉलिश लोपली.

विजेत्यांची भाषा स्वीकारणारा समाज आपल्या जुन्या भाषेतील काही शब्द, उच्चार वा रचना नव्या भाषेत घेऊन जातो. अशा लोपलेल्या भाषेला अधःस्तर भाषा म्हणतात. कायदा, शासन, लेखन यांचे शब्द फ्रेंचला मुख्यतः लॅटिनने दिले. पायाला लागणारा चिखल मात्र गॉलिशच राहिला. याला अपवाद आहेत. 'मारे', म्हणजे पाणथळ भूमी, हा शब्द नंतर आलेल्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेतला आहे. तरीही कल स्पष्ट दिसतो. शहरात नवी भाषा लवकर रुजते. ज्याला रोज नांगर धरायचा आहे, त्याला मातीचे जुने नाव सोडण्याचे कारण नसते.

या प्रदेशातून वाहणाऱ्या ब्यव्ह्राँ नदीच्या नावात बीव्हर या प्राण्याचे गॉलिश नाव आहे. या खोऱ्यांतून तो प्राणी शिकारीमुळे नाहीसा झाला. १९७४ ते १९७६ या काळात ब्लवा शहराजवळ ल्वार नदीत बीव्हर पुन्हा आणून सोडले गेले आणि तेथून ते उपनद्यांत पसरत गेले. प्राणी नव्हता तेव्हाही नदीचे नाव त्याची जागा धरून होते.

६.५ 'एताँ' म्हणजे दलदल नव्हे

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाचा शब्द. सोलोन्यची तळी, फ्रेंचमध्ये 'एताँ', पाहणाऱ्याला निसर्गनिर्मित वाटतात. काठाला बोरू आणि गवत, पाण्यावर बगळे व रानबदके. परंतु त्यांतील बहुतेक मध्ययुगापासून माणसांनी घडवलेली आहेत. उथळ खोलगटाच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, बांधात पाणी सोडण्याचे दार ठेवायचे आणि कार्प, टेंच, पाइक असे मासे वाढवायचे. हिवाळ्याच्या सुमारास दार उघडून तळे रिकामे करतात आणि मासे धरतात. या दाराला 'बोंद' म्हणतात. तोही गॉलिशकडूनच आलेला शब्द. बांधाला 'शोसे' म्हणतात आणि 'शोसे'चा दुसरा अर्थ रस्ता. पायवाट पुष्कळदा या बांधावरूनच जाते. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

तेव्हा 'एताँ'साठी 'दलदल' लिहिणे म्हणजे शतकानुशतकांचे श्रम एका शब्दाने पुसून टाकणे होय. 'सरोवर' त्याहून वाईट. त्यात भव्यता येते आणि मासेमारी जाते. 'तलाव' चालेल. परंतु भंडारा-गोंदिया भागातील विद्यार्थ्यांपाशी याहून नेमका शब्द आहे. तेथे कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव आणि लहान 'बोडी' यांची रचना अशीच आहे: उताराला आडवा मातीचा बांध, साठलेले पाणी, मासे, काठावरचे पक्षी. त्या तलावांचे मुख्य काम धानाला पाणी देणे हे आहे, सोलोन्यच्या तळ्यांचे मासे वाढवणे. एवढा भेद सांगून 'बोडी' हा शब्द वापरला, तर वाचकाला पाणी आणि ते अडवणारा माणूस दोन्ही दिसतील. प्रमाणभाषेच्या कोशात नेमका शब्द सापडला नाही, की बोलीकडे वळावे. ती कमीपणाची गोष्ट नाही.

एक प्रश्न उरतो. एकोणिसाव्या शतकात सोलोन्यला तापाचा प्रदेश म्हणत. साचलेल्या पाण्यामुळे हिवताप पसरे आणि गावे खंगत. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात चर खणून पाणी काढले गेले, अनेक तळी बुजवली गेली, पाइनची लागवड झाली; १८५९ मध्ये या कामासाठी शेतकी समिती स्थापन झाली. १८७९-८० च्या कडक हिवाळ्यात समुद्रकाठच्या जातीचे पाइन गोठून गेले आणि त्यांच्या जागी थंडी सोसणारी जात लावली गेली. म्हणजे ज्याला आजचा प्रवासी 'आदिम अरण्य' म्हणेल, त्यातील पुष्कळ झाडे दीडशे वर्षांच्या आतबाहेरची आणि हाताने लावलेली आहेत. 'आदिम' हे विशेषण तेथे लागू पडत नाही. पाणथळीचे सौंदर्य वर्णन करतानाही तिच्या काठी तापाने फणफणणारे घर लेखकाच्या नजरेआड होता कामा नये.

६.६ स्वयंअध्ययन प्रश्न आणि क्षेत्रीय कार्य

(१) 'राँदोने' आणि 'फोरे' या शब्दांतील अर्थपरिवर्तनाची तुलना करा. कोणत्या शब्दात जुना अर्थ आजही व्यवहारात जाणवतो?

(२) 'शमाँ', 'बू' आणि 'शेन' यांच्या आधारे अधःस्तर भाषेची संकल्पना स्पष्ट करा. 'मारे' हा शब्द त्यात का बसत नाही?

(३) आपल्या गावाजवळची किमान दोन किलोमीटरची पायवाट निवडा. ती चालताना भेटणारे पाणी, माती, झुडपे, बांध आणि वळणे यांची स्थानिक नावे एखाद्या वयस्क शेतकऱ्याला किंवा गुराख्याला विचारून, त्यांच्या उच्चारानुसार लिहून घ्या. यांतील कोणती नावे प्रमाण मराठीच्या कोशात नाहीत, ते तपासा आणि ती वाट परक्या प्रदेशातील वाचकासाठी दोनशे शब्दांत वर्णन करा. 'घनदाट', 'नितळ' आणि 'निसर्गरम्य' हे शब्द वापरू नयेत.