एक कार्ड, एक ओळ

बाळा, क्रिकेट कार्डांचा सगळा डबा एकदम उपसू नकोस. आधी आपल्या जिल्ह्यातले दोघे बाजूला काढ: श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. आपल्या राहात्याहून दोन्ही गावं जवळच. या दोघांच्या कार्डांवर मोबाईलमधली नोंदीची शीट नीट बसली, की बाकीच्यांचं कोडं उरत नाही.

बघ ना, रहाणे आयपीएलमध्ये मुंबई, राजस्थान, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, सगळीकडे खेळला. झहीर बंगळुरूहून मुंबईला गेला, परत बंगळुरूला आला, पुन्हा मुंबईला, मग दिल्लीला. नुसतं ‘झहीर’ लिहिलंस तर कोणतं कार्ड ते तुलाच कळायचं नाही. खेळाडू, संघ, वर्ष, कंपनी, संच, कार्ड नंबर, सगळ्यांना वेगवेगळे रकाने कर. नावांसाठी ड्रॉपडाउन लाव. एकदा झहीर, एकदा जहीर असं पडलं की फिल्टरमधून निम्मी कार्डं गळतात.

नंबरचा रकाना भरायच्या आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून टाक. नाहीतर 007 चा 7 होतो आणि 3-11 ची तारीख होऊन बसते.

वर्ष म्हणजे कार्ड छापल्याचं वर्ष. 2011 च्या विश्वचषकातल्या झहीरच्या 21 विकेट नंतरच्या कार्डामागेही असू शकतात, म्हणून ते कार्ड 2011 चं ठरत नाही. तुझ्या बापाची बिग फन बबलगमची कार्डं आहेत ना, धावा आणि विकेट छापलेली, त्यांवर वर्ष दिसलं नाही तर रकाना कोराच ठेव. अंदाजाने भरलेलं वर्ष पुढे खरंच वाटायला लागतं.

डबल कार्डं असली तरी प्रत्येकाची ओळ वेगळी, कारण दोन्हींची अवस्था सारखी नसते. अवस्था ठरवताना घाई नको. आपल्याकडे पेरूची प्रतवारी करताना फळ हातात फिरवून बघतात, तसं कार्ड उजेडात तिरपं धर. चारही कोपरे, कडा, ओरखडे बघ आणि सगळ्यात वाईट जे दिसेल ते लिही. रबरबँड मात्र आजच काढून टाक, त्याने कडांना खाचा पडतात. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग नऊ खणांच्या पानात. पान आणि खण कोणता, तेही शीटमध्ये.

किमतीचे दोन रकाने: आपण दिले किती, आणि तसंच कार्ड खरोखर विकलं गेलं कितीला. विकणारा नेटवर मागतो ती किंमत धरायची नाही. विक्रीची तारीख शेजारी टाक.

‘हवीत’ नावाची दुसरी शीट कर. शिर्डीच्या मित्रांना लिंक देशील तेव्हा फक्त बघायची परवानगी ठेव, आणि अदलाबदल झाली की तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर ओळ बदल.