कादंबरी एकटीनंच लिहायची का?

प्रश्न : कादंबरीची ४० पानं झाली आणि गाडं अडलं. इथले लिहिणारे चौघे दर रविवारी वाचनालयात जमतात, मलाही बोलावतात. पण आधीच दाखवलं तर कथा चोरीला जाईल, अशी धास्ती वाटते. – एक वाचक, वसमत

उत्तर : ताई, खुशाल जा. लिहायचं एकटीनंच, पण 'कुठवर आलं?' असं विचारणारं कुणीतरी लागतं. तुमचा हिंगोली जिल्हा झाला त्याच १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत २१ जणांनी मिळून महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढे जगभरातून लाखो जण त्यात आले. तुम्ही एवढी घाई करू नका. हळद शिजवायच्या दिवसांत पानभर झालं तरी पुष्कळ. सुरुवातीला गटात फक्त पानांचा हिशेब द्या. प्रकरण पुरं झालं की वाचून दाखवा.

चोरीचं म्हणाल, तर लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप तुमचाच होतो, नोंदणीची सक्ती नाही. नुसत्या कल्पनेला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून पानांवर तारीख टाकत चला आणि हस्तलिखिताचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कच्च्या खर्ड्यातली बोली कुणी 'शुद्ध' करू लागलं, तर हसून वही मिटा.