पुरस्कार आणि तिकीटखिडकी : चित्रपटाच्या जाहिरातभाषेचा एक अभ्यास

प्रस्तावना

जाहिरातीच्या भाषेचा विचार करताना आपण विशेषणांची निवड, आज्ञार्थी क्रियापदे आणि अतिशयोक्ती यांच्याकडे प्रथम वळतो. चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर मात्र असा एक मजकूर असतो, ज्यात अतिशयोक्ती नसते, आर्जव नसते, केवळ एक वस्तुस्थिती सांगितलेली असते : 'राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपट'. प्रस्तुत घटकात आपल्याला एवढेच तपासायचे आहे की, हे विधान वाचून आज प्रेक्षक तिकीट काढतो का.

हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा वाटेल. परंतु कोणतेही विधान कोण करतो, कोणापुढे करतो आणि केव्हा करतो, यांवर त्याचा परिणाम ठरतो, हे भाषाविज्ञानाचे पायाभूत तत्त्व आहे. शिवाय प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. देशातील सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट आठवड्याभरात चित्रपटगृहातून उतरला, तर तशा प्रकारच्या पुढच्या चित्रपटात पैसा कोणी घालावा, हा त्यामागील खरा पेच आहे.

'पुरस्कार' या शब्दाचा अर्थ

मराठीत या अर्थाचे अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा भिन्न आहेत. 'पारितोषिक' या शब्दात परितोष, म्हणजे देणाऱ्याचे समाधान आहे. 'बक्षीस' हा फारसीतून आलेला शब्द देणाऱ्याच्या औदार्याकडे निर्देश करतो. 'पुरस्कार' हा शब्द 'पुरस्' आणि 'कृ' यांपासून झालेला आहे. त्याचा मूळ अर्थ 'पुढे करणे' असा. आगरकरांनी सामाजिक सुधारणांचा पुरस्कार केला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी सुधारणांना बक्षीस दिले असे आपल्याला म्हणायचे नसते. त्यांनी त्या विचाराला समाजापुढे आणले, त्याची बाजू घेतली, असा तो अर्थ आहे.

व्युत्पत्तीवरून व्यवहार सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तरीही येथे ती एक उपयुक्त दिशा दाखवते. पुरस्कार चित्रपटाला पुढे करतो. पुढे केलेल्या वस्तूकडे कोणी पाहावे आणि पाहून ती घ्यावी, हे काम निराळे आहे.

सुवर्णपदक ते 'अवॉर्डचा पिक्चर'

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला मिळाले. साने गुरुजींचे पुस्तक त्याआधीच मराठी घरांत पोहोचले होते, आणि अत्रे यांचे नाव तर सर्वतोमुखी होते. सुवर्णपदकाने त्या चित्रपटाची मराठी प्रेक्षकाशी ओळख करून दिली असे म्हणता येत नाही. ओळख असलेल्या माणसाचा सत्कार व्हावा, तसे ते झाले.

त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा बहुमान मराठीकडे परत येण्यास अर्धे शतक लागले. मधल्या काळात एक भाषिक घटना घडली. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील नावाजलेले चित्रपट दाखवले जात. खाली इंग्रजी उपशीर्षके धावत, संवाद मोजके असत, गाणी बहुधा नसत. जेवणानंतरची ती वेळ अनेक घरांत वामकुक्षीची होती. यातूनच 'अवॉर्डचा पिक्चर' हा बोलीतील प्रयोग रूढ झाला असावा. त्याचा अर्थ 'गौरवलेला चित्रपट' असा न राहता 'संथ, अवघड, आपल्यासाठी नसलेला चित्रपट' असा झाला. अर्थापकर्षाचे हे चांगले उदाहरण आहे. चांगल्या अर्थाच्या शब्दाला वापरातून हीन छटा येते, तसे येथे झाले. आणि ज्या मजकुराने प्रेक्षक यावा, त्याच मजकुराने तो बिचकू लागला.

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास'ने २००४ मध्ये ही छटा काही काळ पुसली. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरल्यानंतर तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून निवडला गेला, आणि तेथील प्रचाराच्या खर्चासाठी सामान्य मराठी माणसाने वर्गणी दिली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गणेशोत्सवाची असो वा देवळाच्या जीर्णोद्धाराची, वर्गणी देणारा माणूस त्या कार्यात स्वतःला भागीदार समजतो. 'श्वास'चा पुरस्कार त्यामुळे परीक्षकांचा राहिला नाही. तो लोकांच्या तोंडचा झाला.

वेळेचा प्रश्न

पुरस्काराची वार्ता आणि चित्रपटाचे प्रदर्शन यांच्यातील अंतर हा या विषयातील सर्वांत ठोस घटक आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, मार्च २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि १७ एप्रिल २०१५ रोजी तो प्रदर्शित झाला. याहून अनुकूल क्रम कल्पिता येणार नाही. त्याच महिन्यात बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ द्यावी, या शासकीय निर्णयावरून मोठा वादही झाला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले, आणि तो प्रेक्षकांपुढे आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. मधल्या सहा महिन्यांत वार्ता शिळी झाली. मात्र सुवर्णकमळ नसते, तर मानसिक नैराश्यावरील हा शांत चित्रपट चित्रपटगृहात आला असता का, हेही विचारले पाहिजे. अशा चित्रपटाला पुरस्कार पडदा मिळवून देतो. प्रेक्षक मिळवून देईलच असे नाही.

अलीकडे क्रम उलटा झाला आहे. परेश मोकाशी यांचा 'वाळवी' जानेवारी २०२३ मध्ये प्रदर्शित झाला, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' नोव्हेंबर २०२३ मधला. त्याचा पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला. इतक्या अवधीत चित्रपटगृहातील खेळ केव्हाच संपलेले असतात. घोषणा ऐकून उत्सुक झालेला प्रेक्षक तिकीटखिडकीकडे जात नाही, तो मोबाइलवर शोध घेतो. विक्री वाढलीच, तर ती तिकिटांची नसते. उलट शंतनू रोडे यांच्या 'गोष्ट एका पैठणीची'ला पुरस्कार जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट डिसेंबरात लागला. तेथे जाहिरातीत हा मजकूर वापरण्यास निदान वाव होता.

अमेरिकेतही हेच दिसते. 'स्लमडॉग मिलियनेअर' नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे मोजक्या पडद्यांवर लागला, आणि फेब्रुवारी २००९ मधील ऑस्करच्या दिशेने त्याचे पडदे वाढवत नेले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले तेव्हा तो चित्रपटगृहांत होता, आणि त्याचे पडदे लगेच वाढले. दोनच वर्षांनी सर्वोत्कृष्ट ठरलेला 'कोडा' मात्र आधीच्या ऑगस्टपासून घरबसल्या पाहण्यास उपलब्ध होता. पुरस्काराची प्रतिष्ठा तीच होती. त्या प्रतिष्ठेचे तिकिटात रूपांतर करणारी खिडकी तेवढी बंद झालेली होती.

सातपाटीहून पाहताना

आता हा विचार आपल्या परिसरात आणू. समजा, सातपाटीतील चौघांच्या एका कुटुंबाला चित्रपटगृहात जायचे आहे. पालघर, बोईसर किंवा विरार गाठायचे, तिकिटे काढायची, मध्यंतरात मुलांना काही घ्यायचे आणि रात्री परतीचे वाहन शोधायचे. तिकिटाची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. हंगामात खलाशी बोटीवर असतो आणि घरातील बाई बाजारात. सवड मिळते ती १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, आणि तेव्हाच हात आखडलेला असतो. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २६ जून २०१५ रोजी प्रदर्शित झाला. बर्लिनच्या महोत्सवात गौरवलेला, कोकणच्या पावसाचा आणि समुद्राचा चित्रपट, तोही बंदीच्या महिन्यात! पण बर्लिनचे स्फटिक अस्वल ही खूण ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने भित्तिपत्रकावरील ते चिन्ह नक्षीपलीकडे काही नसते. संकेत उभयपक्षी ठाऊक असेल तरच तो संकेत.

येथे सातपाटीतूनच एक दृष्टान्त घेता येतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. या मागणीत सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांचा पुढाकार होता, आणि तिच्यामागे घटत चाललेल्या माशाचे रक्षण व्हावे, लहान पिल्लांची मासेमारी थांबावी, हा हेतू होता. 'पुढे करणे' या अर्थाने हा अस्सल पुरस्कार आहे. परंतु बाजारात टोपलीपुढे बसलेली बाई 'राज्यमासा घ्या' असे म्हणत नाही, आणि गिऱ्हाईकही तसा दाखला मागत नाही. ते कल्ला उघडून पाहते, किंवा शेजारणीने काल काय नेले ते विचारते.

चित्रपटाचे गिऱ्हाईक वेगळे वागत नाही. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'च्या पाठीशी कोणताही मोठा पुरस्कार नव्हता. बायका गटागटाने गेल्या, परत येऊन त्यांनी इतरांना सांगितले, आणि काही जणी पुन्हा गेल्या. त्यांच्या सांगण्यात 'सर्वोत्कृष्ट' हे विशेषण नसावे. 'जाऊन ये' हा आज्ञार्थ असावा. प्रमाणभाषेतील प्रशस्तीपेक्षा घरगुती आज्ञार्थ अधिक परिणामकारक ठरतो, कारण बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा खिसा आणि आवड दोन्ही माहीत असतात.

काकतालीय न्याय

कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फळ पडले असे ठरत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मधील अभिनयासाठी रिंकू राजगुरू हिचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मार्च २०१६ मध्ये जाहीर झाला. चित्रपट २९ एप्रिलला आला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. एवढ्यावरून पुरस्काराने गर्दी झाली असा निष्कर्ष काढणे म्हणजे काकतालीय न्याय होय. अजय-अतुल यांची गाणी प्रदर्शनापूर्वीच गावोगावी वाजत होती. एका वाहिनीची यंत्रणा प्रसिद्धीसाठी राबत होती. गोष्ट खेड्यातल्या मुलामुलीची होती, आणि संवाद सोलापूरकडच्या बोलीत होते. 'कोर्ट'ला 'सैराट'पेक्षा मोठे पुरस्कार होते, आणि 'सैराट'च्या तुलनेत त्याचा प्रेक्षक फारच थोडा होता. या दोन चित्रपटांची जोडी शेजारी ठेवली म्हणजे पुरस्काराच्या बळावर पुस्तकी विधाने करण्याचा मोह आवरतो.

याचा अर्थ पुरस्कार निष्प्रभ झाला असा मात्र नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सच्या महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरात तो भारतातील चित्रपटगृहांत आला. दोन पुरुषांमधील प्रेमाची, ग्रामीण मराठीत सांगितलेली ही गोष्ट पडद्यापर्यंत येण्यास त्या पुरस्काराचा आधार नक्कीच झाला असणार. पडदा मिळणे ही पहिली पायरी आहे, आणि काही चित्रपटांसाठी तीच सर्वांत उंच असते.

आपली प्रगती तपासा

१. 'अवॉर्डचा पिक्चर' या प्रयोगातील अर्थापकर्ष स्पष्ट करा. याच प्रकारचा अर्थबदल झालेले आणखी दोन शब्द आपल्या बोलीतून द्या.

२. 'कोर्ट' आणि 'कासव' यांच्या बाबतीत पुरस्काराची घोषणा व प्रदर्शन यांतील अंतराची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील दहा व्यक्तींना, शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात, चित्रपटगृहात पाहिलेला शेवटचा मराठी चित्रपट कोणता आणि तो पाहण्यास कोणी सुचवले, हे विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत, बोलीतील रूपे न बदलता, लिहून घ्या. पुरस्काराचा उल्लेख आपण प्रथम करू नये. त्यांनी केला, तर कोणता शब्द वापरला त्याची नोंद करावी. मासेमारीच्या हंगामात सातपाटी, मुरबे किंवा दांडी येथे माहिती घेणार असाल, तर बोटी लागण्याची वेळ टाळून जावे.