आमरी टिपायला निघालीस, तर ऐक

पोरी, नवा कॅमेरा गळ्यात अडकवून रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, शोधायची म्हणतेस, हे ऐकून बरं वाटलं. पण दिंद्रुडात बसून घाटातल्या आंबोलीचीच स्वप्नं बघू नकोस. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या रानातही जुन्या आंब्याच्या फांदीवर वँडा टेसेलाटा सापडते. पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर जाळीची नक्षी, मधला ओठ जांभळा, आणि वास असा की नाकच आधी शोधतं. घरचं पाहिलं नाही त्याला घाटातलं काय दिसणार!

१. पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच ठेव आणि झाडाभोवती नुसती चक्कर मार – ऊन कुठून येतं, फांदीवर कधी पोचतं हे कळलं की दुसऱ्या दिवशी पळापळ होत नाही.

२. झाड ज्यांचं, त्यांना आधी विचार – न विचारता बांधावर मान वर करून उभी राहिलीस तर काठी घेऊन येतील, विचारलंस तर चहा. पुढं एक फोटो छापूनही दे. मग ती फांदी सहसा कुऱ्हाडीखाली जात नाही.

३. कुणी ‘बांडगूळ’ म्हणून आमरी ओढायला लागलं तर गोडीत थांबव – बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी नुसती बसायला जागा मागते. तिची मुळं सालीला धरतात आणि पाणी पावसातून, दवातून घेतात.

४. दिवस उगवल्यावर पहिल्या तास-दीड तासात काम उरक – आपल्याकडचं ऊन लवकर तापतं, मग ओठाचा जांभळा रंग उडतो आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. तुला उशिरा उठायची सवय, म्हणून हे दोनदा वाच.

५. आभाळ भरून आलं म्हणून परत फिरू नकोस – ढगाखाली उजेड सगळीकडून सारखा येतो, पाकळीवरची जाळी तेव्हाच नीट उमटते. उन्हाशी भांडू नये, ढगाशी सोयरीक करावी.

६. ऊन चढलंच तर फुलावर पांढरी छत्री धर आणि अंधाऱ्या बाजूला वहीचं कोरं पान – छत्री ऊन मऊ करते, पान उजेड परत फेकतं. लाल-निळी छत्री नको, तिचा रंग पाकळ्यांवर उतरतो.

७. फ्लॅश बंद.

८. मागं गर्द हिरवं आणि पुढं पांढरं फूल असलं, तर कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) अर्धा ते एक स्टॉप कमी कर – कॅमेरा अंधाराला भुलतो आणि पाकळ्या चुन्यागत सपाट होतात. चौकट पांढऱ्यानंच भरली असेल तर उलटं, थोडा वाढव, नाहीतर फूल राखाडी येईल.

९. फांदी झुलत असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून जलद ठेव आणि दोन झुळकांमधली उसंत पकड – वारा दमतोच, आपण दमायचं नाही. दोरीनं फांदी बांधायची नाही, आणि चौकटीत आलेलं पानही तोडायचं नाही. तूच एक पाऊल सरक.

१०. पावसाळ्यात साताऱ्याच्या कासला गेलीस, तर गुडघा टेकायच्या आधी खाली बघ – तिथली टूथब्रश आमरी जमिनीतूनच उगवते, आणि एका फोटोपायी चार रोपं चिरडतात. २०१२ साली ते पठार जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून बघणारे वाढलेत, पण जमीन तेवढीच आहे. ठरलेली वाट सोडू नकोस. वाटेकडेला वाकलीस तरी पुष्कळ दिसतं.

११. फुलाचा जवळून फोटो झाला की पानं, मुळं, साल आणि सबंध झाड यांचाही घे – नुसत्या फुलावरून जाणकारालाही जात सांगणं अवघड जातं. मुळं कोरडी असताना पांढरी दिसतात, भिजली की हिरवी, म्हणून पाऊस पडून गेला होता का तेही लिहून ठेव.

१२. ढोलीत किंवा गवतात हात घालण्याआधी काठीनं हलव – आपल्याआधी तिथं कुणाचा तरी संसार असतो.

१३. फोटो लोकांना दाखवताना मोबाईलमधलं ठिकाण बंद ठेव आणि जिल्ह्यापलीकडं काही सांगू नकोस – रानातल्या आमरीच्या परदेशी व्यापारावर साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं घातलीत, पण फांदीवरची आमरी खरवडून गॅलरीत टांगणारा हौशी शेजारी त्या करारात बसत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर माझं नाव सांग, मी बघते त्याच्याकडं.